काढणीच्या तोंडावर नवे टायर: भरलेली ट्रॉली जोडण्याआधी

काढणी जवळ आली की पिकअपचे किंवा ट्रॅक्टरचे गोटा झालेले टायर आठवतात. ते बदलायलाच हवेत. पण हे काम बहुतेक वेळा अगदी शेवटच्या दिवसावर ढकललं जातं. सकाळी टायर बसवले, दुपारी ट्रॉली भरली आणि अंधार पडायच्या आत गाडी रस्त्याला लागली. मग चालक सांगतो, ‘जुन्या टायरवर गाडी रेघ ओढल्यासारखी जायची, नव्यांवर मागून डुलतेय.’ त्याला भास झालेला नसतो आणि टायरही खराब निघालेले नसतात. नवा टायर पहिले काही दिवस असाच वागतो, आणि मागे ट्रॉली असेल तर ते लगेच जाणवतं.

एक उंच खोडरबर उभा धरून टेबलावर दाबा आणि बाजूला सरकवा. तो आधी वाकेल आणि मग सरकेल. झिजून चपटा झालेला तुकडा तेवढा वाकत नाही. टायरच्या नक्षीतले रबरी ठोकळे असेच असतात. गाडीच्या नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते, पिकअपच्या जाड टायरची त्याहून जास्त. झिजलेल्या टायरवर त्यातले दोन-तीनच मिलिमीटर उरलेले असतात. म्हणून जुना टायर आडव्या धक्क्याला ताठ उभा राहतो आणि नवा जरासा लवतो. शिवाय टायर साच्यातून सहज सुटावा म्हणून लावलेल्या पदार्थाचा पातळ थर वर राहिलेला असतो. तो घासून जाईपर्यंत पकड पूर्ण मिळत नाही.

रिकाम्या गाडीत हे फारसं कळत नाही. ट्रॉली जोडली की चित्र बदलतं. हूक मागच्या आसाच्याही मागे असतो. ट्रॉली बाजूला झुकली की ती हुकातून गाडीची शेपटी ढकलते, आणि ते ढकलणं मागच्या दोन टायरांनीच थोपवायचं असतं. टायर ताठ राहिले तर झोल, म्हणजे ट्रॉलीचं डावी-उजवीकडे डुलणं, एक-दोन हेलकाव्यांत मरतो. ते लवले तर गाडीची शेपटीही ट्रॉलीबरोबर हलते आणि पुढचा हेलकावा आणखी मोठा येतो. गाडी-ट्रॉलीच्या प्रत्येक जोडीचा एक वेग असतो, त्याच्या पुढे झोल आपोआप मरत नाही, उलट वाढत जातो. नवे, लवणारे टायर ही मर्यादा खाली आणतात. मागच्या हंगामात ज्या वेगाला काही झालं नाही, त्याच वेगाला या वेळी ट्रॉली हेलकावे खाऊ शकते.

म्हणून माझं पहिलं सांगणं वेळेबद्दल आहे. टायर हंगामाच्या निदान तीन आठवडे आधी बदला आणि पहिले ३०० ते ८०० किलोमीटर गाडी रिकामी किंवा हलक्या ओझ्याने, सौम्य वेगात चालवा. या काळात जोराचे ब्रेक आणि झटक्याची वळणं टाळा. बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटर झाले की चाकांचे नट पुन्हा आवळून घ्या. ही गोष्ट हमखास राहून जाते आणि भरल्या ट्रॉलीखाली चाक सैल झाल्यावरच आठवते. एवढा वेळ हातात नसेल तर निदान पहिल्या फेऱ्या अर्ध्या भराव्यात, जास्तीची फेरी पडली तरी चालेल.

यावरून कुणी ‘मग जुनेच बरे’ असं म्हणू नये. झिजलेला टायर कोरड्या रस्त्यावर ताठ वाटतो, पण ओल्या रस्त्यावर त्याच्या खाचांतून पाणी बाहेर पडत नाही आणि तो पाण्यावर तरंगू लागतो. मागे दोन-तीन टनांची ट्रॉली असताना असं झालं तर चालकाच्या हातात काहीच उरत नाही. अनेक देशांत नक्षीची कायदेशीर मर्यादा १.६ मिलिमीटर आहे. माझ्या मते ओझं ओढणाऱ्याने तिथपर्यंत थांबूच नये.

दुसरी गोष्ट निवडीची, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त चुका इथे होतात. टायरच्या बाजूवर मापाच्या शेवटी भार दाखवणारा आकडा असतो. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, ११२ म्हणजे ११२० किलो. मूळ टायरवर जो आकडा होता त्याच्या खाली कधीही जाऊ नका. माप तेच आहे म्हणून टायर तोच आहे असं होत नाही. प्रवासी गाडीचा मऊ बाजूचा टायर आणि मालवाहू गाडीचा जाड बाजूचा टायर एकाच रिमवर बसू शकतात, पण पहिला ओझ्याखाली बाजूला कलतो. आणखी एक हिशेब आहे. हुकावर १०० किलो भार आला तर मागच्या आसावर १०० किलोपेक्षा जास्त भार वाढतो, कारण हूक मागे असल्याने पुढची चाकं थोडी उचलली जातात. म्हणजे मागचे टायर जास्त दबतात आणि स्टिअरिंग हलकं होतं.

मोठ्या घेराचे टायर घालायचा मोह टाळा. घेर ३ टक्क्यांनी वाढला तर काटा ५० दाखवताना खरा वेग ५१.५ असतो. हुकाची उंचीही वाढते आणि ट्रॉलीचं तोंड वर जातं. दोन आसांच्या ट्रॉलीत मग मागचा आस जास्त दबतो आणि हुकावरचा भार कमी होतो. झोल सुरू व्हायला एवढं पुरतं.

दोनच टायर घ्यायचे असतील तर ते मागे लावा. पुढे नवे आणि मागे गोटा असं केलं तर ओल्या वळणावर शेपटी आधी सुटते. एका आसावर एक रेडियल आणि एक जुन्या पद्धतीचा नायलॉन टायर अशी जोडी तर कधीच लावू नका.

हवा नेहमी टायर थंड असताना, गाडी हलवण्याआधी बघा. बसवणारा अंदाजाने भरतो, त्यावर विसंबू नका. गाडीच्या दारावरचा तक्ता किंवा पुस्तिका बघून भरल्या गाडीसाठी दिलेले पौंड भरा, पण टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या पुढे जाऊ नका. मागच्या टायरात हवा कमी असेल तर टायरची बाजू डुलते आणि नव्या नक्षीच्या लवण्यात तिची भर पडते. चालून तापल्यावर हवा काही पौंडांनी वाढते. ती तशीच राहू द्या, सोडू नका.

ट्रॅक्टरवाल्यांनी एक वेगळी गोष्ट बघावी. मागच्या टायरात वजनासाठी पाणी भरलेलं असेल आणि टायर बदलताना ते पुन्हा भरलंच नाही, तर ट्रॅक्टर काहीशे किलोंनी हलका होतो आणि ट्रॉली मात्र तेवढीच जड राहते. उतारावर ती ट्रॅक्टरला ढकलते, वळणावर दुमडते. म्हणून बसवणाऱ्याला पाण्याबद्दल आवर्जून विचारा. चारही चाकं ओढणाऱ्या ट्रॅक्टरला पुढच्या-मागच्या टायरांचं प्रमाण ठरलेलं असतं. एकाच बाजूचं माप बदललं तर ते बिघडतं. डांबरी रस्त्यावर पुढची ओढ बंदच ठेवा. शेतात मातीवर पकड मिळावी म्हणून कमी केलेली हवा रस्त्यावर येण्याआधी वाढवा. आणि डावा-उजवा ब्रेक एकत्र जोडल्याशिवाय रस्त्याला लागू नका.

ट्रॉली भरताना जड माल आसाच्या किंचित पुढे ठेवा. पिकअपमागच्या एका आसाच्या ट्रॉलीत साधारणपणे एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकावर यावा असा संकेत आहे, पण गाडीच्या पुस्तिकेत दिलेली हुकाची मर्यादा ओलांडू नका. माल मागे साचला तर कितीही चांगले टायर तिला सरळ ठेवू शकत नाहीत. टाकीत पाणी किंवा द्रव खत नेत असाल तर टाकी पूर्ण भरा नाहीतर रिकामी ठेवा. अर्धवट टाकीत आत उसळणारं पाणी झोलाला बळ देतं.

आणि रस्त्यात झोल सुरू झालाच तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ आणि घट्ट धरा, गाडीला आपसूक हळू होऊ द्या. डुलण्याच्या उलट दिशेला स्टिअरिंग फिरवलं तर आपण प्रत्येक वेळी अर्धा क्षण मागे पडतो आणि हेलकावा वाढवत जातो. गाडीचा ब्रेक जोरात दाबला तर ट्रॉली पुढे येऊन दुमडते. वेग वाढवून ती सरळ करायचा प्रयत्न तर अजिबात नको. ट्रॉलीला हाताने लावता येणारा वेगळा ब्रेक असेल तर फक्त तो हलकेच लावा. मग बाजूला थांबून माल, हवा आणि हूक तपासा, आणि बाकीचा प्रवास पहिल्यापेक्षा कमी वेगाने करा.

काढलेल्या जुन्या टायरांचं काय करायचं, हाही प्रश्न येतो. ते ट्रॉलीला लावायचा विचार पुष्कळांच्या मनात येतो. लावू नका. ट्रॉली वर्षातला बराच काळ उन्हात एका जागी उभी असते. तिचे टायर झिजून जाण्याआधी वाळून तडकतात. टायर कधी बनला हे सांगणारे चार आकडे बाजूवर असतात, ते वाचा. २३१८ म्हणजे २०१८ सालचा २३ वा आठवडा. सहा वर्षं उलटली असतील तर नक्षी कितीही खोल दिसली तरी जाणकाराला दाखवा. बाजूला बारीक चिरा दिसल्या तर बदलाच. स्टेपनीवरचेही आकडे त्याच वेळी वाचून घ्या.