एपिड्युरल घ्यायचं ठरवलंय? मग हे आधीच करून ठेवा

एपिड्युरल म्हणजे बाळंतपणातल्या कळांचं दुखणं कमी करायला कमरेत बारीक नळी बसवून औषध देणं. त्यासाठी मला लेबर रूममधून बोलावणं येतं तेव्हा कळा बहुतेक वेळा ऐन भरात असतात. दर दोन-तीन मिनिटांनी कळ, आणि मधल्या वेळात मी तिला विचारायचं की बीपी आहे का, कसली ॲलर्जी आहे का, आधी कधी भूल घेतलीत का. मग धोके समजावून सांगायचे आणि संमतीपत्र पुढे करायचं. त्या अवस्थेत कोणीही ‘सही कुठे करू तेवढं सांगा’ असंच म्हणणार. मी भूलतज्ज्ञ आहे आणि माझं पहिलं मागणं हेच, की हे सगळं बोलणं सातव्या-आठव्या महिन्यात उरकून घ्या.

तेव्हा दोन गोष्टी विचारा. इथे भूलतज्ज्ञ चोवीस तास हजर असतात की रात्री घरून येतात? आणि नळी बसवल्यावर औषध वाढवायची वेळ आली तर कोण वाढवणार? दुसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, पण पहाटे त्याचाच उपयोग होतो.

तुमच्याकडून आम्हाला काय हवं, तेही सांगते. रक्त पातळ करणारं कुठलंही औषध चालू असेल तर त्याचं नाव आणि शेवटचा डोस घेतल्याची वेळ कागदावर लिहून आणा. पोटात घ्यायची हेपरिनची काही इंजेक्शनं घेतल्यावर, डोसप्रमाणे १२ ते २४ तास जाईपर्यंत पाठीत सुई घालता येत नाही. प्लेटलेट साधारण ७०-८० हजारांच्या खाली असतील तर आम्ही दहादा विचार करतो, कारण मणक्याच्या आत रक्त साचलं तर ते महागात पडतं. पाठीचं ऑपरेशन झालेलं असेल, कणा वाकडा असेल, तर जुने रिपोर्ट दाखवा. अशा पाठीत एपिड्युरल देता येतच नाही असं नाही, पण आम्हाला तयारीनिशी यायला बरं पडतं.

गर्भपिशवीचं तोंड चार सेंटिमीटर उघडेपर्यंत थांबा, असं अजून पुष्कळ जणी ऐकून येतात. कळा नीट सुरू झाल्या आहेत आणि तुम्हाला त्या सोसवत नाहीत, एवढं कारण पुरेसं आहे. उशिराची मात्र अडचण होते. नळी बसवायला दहा-वीस मिनिटं आणि औषध लागू व्हायला आणखी पंधरा-वीस मिनिटं लागतात. बाळाचं डोकं दिसायला लागल्यावर तेवढा वेळ हातात नसतो.

आता प्रत्यक्ष नळी कशी बसवतात ते. आधी हाताला सलाईन लागतं. मग तुम्ही पलंगाच्या कडेला पाय सोडून बसायचं किंवा कुशीवर झोपायचं. हनुवटी छातीला, खांदे सैल, आणि कमर मागे माझ्याकडे ढकलायची. नुसतं पुढे वाकलं की कमर सरळच राहते आणि मणक्यांमधल्या फटी उघडत नाहीत, म्हणून मी कमरेला बोट लावून ‘हे बोट मागे ढकला’ असं सांगते. जंतुनाशक गार लागतं. नंतर कातडी बधिर करायचं इंजेक्शन येतं, ते चुरचुरतं. त्यानंतर टोचणं नसतं, फक्त दाब जाणवतो.

याच वेळी कळ आली तर ‘आली’ म्हणा, मी हात थांबवते. बायका लाजतात, दात-ओठ खाऊन गप्प बसतात आणि मग एकदम हलतात. माझ्या बाजूला काय चालू असतं ते कळलं तर बोलायचं महत्त्व पटेल. सुईला सलाईन भरलेली सिरिंज जोडलेली असते आणि तिचा दट्ट्या अंगठ्याखाली घट्ट लागत असतो. सुई कणाकणानं पुढे सरकते, आणि मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरची पोकळी आली की दट्ट्या एकदम सैल पडतो. तिथून पुढचं आवरण काही मिलिमीटरवरच असतं. एवढा एक क्षण अंग स्थिर हवं. नळी सरकवताना एखाद्या पायात झिणझिणी आली तर दचकू नका, कुठल्या पायात ते सांगा. मग सुई बाहेर येते आणि आत राहते फक्त मिलिमीटरभर जाडीची मऊ नळी. त्यामुळे पाठीवर झोपलं तरी काही टोचत नाही.

पाय कायमचे लुळे पडतील ही भीती जवळजवळ प्रत्येकीच्या मनात असते. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि आम्ही सुई त्याच्या खाली घालतो. मज्जातंतूला कायमची इजा होऊ शकते, पण ती फार क्वचित होते.

पहिला छोटा डोस चाचणीचा असतो. कानात आवाज येतोय, तोंडाला धातूची चव आलीय, छाती धडधडतेय, पाय अचानक जड झालेत, यातलं काहीही झालं तर लगेच सांगा. पुढची वीस-तीस मिनिटं दर पाच मिनिटांनी बीपी मोजतात, कारण ते उतरू शकतं. कसंतरी व्हायला लागलं, मळमळलं की बोला. अंगाला खाज सुटणं, थरथरणं हे औषधाचे नेहमीचे परिणाम आहेत. लघवी लागल्याचं कळत नाही, म्हणून ती नळीनं काढावी लागते.

दुखणं पूर्ण शून्यावर यावं, असा हट्ट मी तरी धरत नाही. कळ आल्याचं पोटात कळावं पण ती सोसवावी, इतपत औषध ठेवलं की जोर लावताना तुम्हालाच फायदा होतो. मात्र एकाच बाजूला दुखतंय, जांघेत एक जागा बधिर व्हायची राहिलीय, असं असेल तर ‘असंच असतं वाटतं’ म्हणून गप्प राहू नका. साधारण दहातल्या एकीचं एपिड्युरल पहिल्या झटक्यात पुरेसं लागू होत नाही. कूस बदलून, नळी थोडी मागे ओढून किंवा औषध वाढवून बहुतेक वेळा काम होतं. नाहीच झालं तर नळी पुन्हा घालावी लागते. औषधाचं बटण हातात दिलं असेल तर ते तुम्हीच दाबायचं. नवऱ्यानं किंवा आईनं माया म्हणून दाबू नये. ठरावीक वेळेआधी यंत्र औषध सोडत नाही, पण पाय जड झालेत की नाही हे फक्त तुम्हालाच कळतं.

एपिड्युरलमुळे सिझेरियन होतं, हे खरं नाही. जोर लावायचा टप्पा थोडा लांबू शकतो. सिझेरियन करावंच लागलं, तर बहुधा त्याच नळीतून जास्त ताकदीचं औषध देऊन भागतं. कायमची कंबरदुखीही एपिड्युरलमुळे लागत नाही. टोचलेली जागा दोन-चार दिवस हुळहुळते, बस्स.

नळी काढल्यावर पहिल्यांदा उठताना कोणीतरी धरायला हवंच, मग पाय कितीही बरे वाटोत. शंभरातल्या एकीला नंतर डोकं दुखतं. बसलं-उठलं की ठणका लागतो आणि आडवं झालं की थांबतो. हे जागरणाचं दुखणं नाही, भूलतज्ज्ञाला कळवा. त्यावर उपाय आहे आणि गरज पडली तर तुमचंच थोडं रक्त काढून पाठीतल्या त्याच पोकळीत सोडतात. ताप येऊन पाठ दुखायला लागली, पायातली ताकद कमी वाटली किंवा लघवी होईना, तर मात्र सकाळची वाट न बघता त्याच वेळी दवाखाना गाठा.