घाटात गाडी लागते का, हे आधी विचारा

अ‍ॅनेस्थेशियाच्या पहिल्या वर्षातली एक रात्र अजून मनातून जात नाही. पित्ताशयाची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झालेली बाई, दुखतंय म्हणून ट्रॅमॅडॉल (अफूच्या जातीचं, म्हणजे ओपिऑइड वेदनाशामक) चालू, आणि सारख्या उलट्या. ऑपरेशन संपताना मी उलटी थांबवणारं ऑन्डॅनसेट्रॉन ४ मिग्रॅ दिलं होतं. दोन तासांनी वॉर्डातून फोन आला, मी पुन्हा तेच सांगितलं. तासाभरानं परत फोन, परत तेच. पहाटे गेले तेव्हा ती पोटाशी उशी दाबून बसली होती. म्हणाली, "मला तर एसटीतसुद्धा लागते."

दम्याचं, बीपीचं, कवळीचं सगळं विचारलं होतं. हे नाही. बाई, सिगारेट न ओढणारी, गाडी लागणारी, वर ओपिऑइड: ऑपरेशननंतरच्या उलटीचा धोका मोजणाऱ्या ॲपफेल स्कोअरचे चारही मुद्दे. एकही नसेल तर उलटीचा धोका १० टक्क्यांच्या आसपास, चारही असले की ८० च्या घरात. स्कोअर आम्हाला पाठ होता, परीक्षेपुरता.

आता माझी खरी चूक. सेरोटोनिन आणि डोपामिन ही मेंदूला उलटीचा निरोप देणारी रसायनं. ऑन्डॅनसेट्रॉन त्यातल्या सेरोटोनिनचे रिसेप्टर, म्हणजे तो निरोप घेणाऱ्या जागा, अडवतं. ते अडवलेलेच असताना सहा तासांच्या आत पुन्हा तेच टोचून हाती काय लागणार? ओपिऑइड डोपामिनच्या वाटेनंही मळमळ आणतं, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा हळवी करतं, जठर सुस्त करतं. म्हणून दुसऱ्या गटातलं औषध हवं. डोपामिन अडवणारं ड्रॉपेरिडॉल किंवा कमी डोसचं हॅलोपेरिडॉल, ईसीजीतला क्यूटी बघून (हे अंतर लांबलं तर हृदयाचा ठेका बिघडू शकतो). शिवाय ट्रॅमॅडॉलचा वेदनाशामक गुण थोडा सेरोटोनिनवरच चालतो, तो ऑन्डॅनसेट्रॉननं उतरतो. दुखणं वाढतं, ट्रॅमॅडॉल वाढतं, उलट्या वाढतात. मी तिला याच चक्रात फिरवलं.

"सगळ्यांना एक ऑन्डॅनसेट्रॉन, विषय संपला" म्हणणाऱ्या सीनियरचं ऐकू नका. रिकव्हरीतल्या सिस्टरांचं ऐका, त्या रोज बघतात.

घाबरू मात्र नका, बरंचसं आधीच टळतं. पॅरासिटामॉल, चालत असेल तर डायक्लोफिनॅक, जखमेत भूल. ओपिऑइड तेवढं कमी लागतं. धोका जास्त असेल तर भुलीचा वायू न वापरता शिरेतून दिलेल्या प्रोपोफॉलवरच भूल चालवा. डेक्सामेथासोन (उलटी टाळणारं स्टिरॉइड) सुरुवातीला द्या, पण पेशंट भुलीनं झोपल्यावर. जागेपणी दिलं तर जांघेत असह्य आग होते. मधुमेह असेल तर साखर बघा. आणि ट्रॅमॅडॉल शिरेत झटकन ढकलू नका, १०० मिली सलाईनमधून पंधरा-वीस मिनिटांत जाऊ द्या.