अंगणवाडीतून पहिलीत जाताना: मुलाची डिजिटल संचिका कशी ठेवावी

अंगणवाडीच्या ‘पोषण ट्रॅकर’ या सरकारी ॲपवर मुलाची उंची, वजन आणि हजेरी नोंदली जाते. परंतु ते मूल कशात रमते आणि अनोळखी माणसासमोर कोणत्या भाषेत तोंड उघडते, हे पहिलीच्या शिक्षकांना त्यातून कळत नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षे हा एकच पायाभूत स्तर मानला असला, तरी नोंदींचा धागा जूनमध्ये शाळेच्या दारातच तुटतो. खानदेशात याची झळ अधिक बसते, कारण घरी अहिराणी, भिली किंवा पावरी बोलणारे मूल प्रमाण मराठीच्या वर्गात सुरुवातीला गप्प राहते आणि त्याच्या नावापुढे ‘बोलत नाही’ असा शेरा पडतो. हा शेरा टळावा, एवढ्यासाठी जरी संचिका, म्हणजे मुलाच्या चित्रांच्या आणि बोलण्याच्या निवडक नोंदींचा संग्रह, ठेवली तरी श्रम सार्थकी लागतात.

त्यासाठी वेगळे ॲप लागत नाही. सेविकाताईंनी फोनमध्ये प्रत्येक मुलाचा एक फोल्डर करावा आणि फाइलला नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहावा, म्हणजे नोंदी आपोआप कालक्रमाने लागतात. महिन्याला दोन नोंदी पुरेत. रोज फोटो काढणारी व्यक्ती मुलांकडे कमी आणि पडद्याकडे जास्त पाहू लागते. व्हिडिओ क्वचितच घ्यावा, कारण एका मिनिटाला शंभरेक एमबी जागा सहज जाते. अर्ध्या मिनिटाचे ध्वनिमुद्रण मात्र नगण्य जागा घेते आणि पुष्कळ सांगते.

फोटोखालची नोंद हा संचिकेचा प्राण आहे. समजा, यावल-रावेरच्या केळीपट्ट्यातील पाच वर्षांच्या मुलाने कागदभर एक आडवी रेघ ओढून तिच्याखाली सारख्या अंतरावर ठिपके काढले आहेत. ‘छान चित्र’ किंवा ‘रेघोट्या’ असे लिहिल्यास काहीच हाती लागत नाही. त्यालाच विचारावे, आणि तो म्हणाला, “हाई ठिबकनी नयी शे, पानी टपकी ऱ्हायनं” (ही ठिबकची नळी आहे, पाणी टपकते आहे), तर हे वाक्य जसेच्या तसे, अहिराणीतच लिहावे. खाली आपले निरीक्षण जोडावे: ‘ठिपक्यांतील अंतर सारखे ठेवले. मोजताना सातपर्यंत बरोबर, पुढे गडबड. न विचारता वावराबद्दल बराच वेळ बोलला.’ एवढ्या मजकुरातून शिक्षकांना त्याची भाषा, गणिताची तयारी आणि संवाद कुठून सुरू करावा याचा दुवा, असे तिन्ही मिळते. ‘हुशार’, ‘मठ्ठ’, ‘चंचल’ ही विशेषणे कटाक्षाने टाळावीत. ती मुलाच्या आधी वर्गात पोहोचतात. तसेच केवळ नीटनेटकी चित्रे निवडू नयेत. ऑगस्टमधील अर्धवट चित्र फेब्रुवारीतील चित्राशेजारी ठेवले, तरच प्रगती दिसते.

संमतीचा प्रश्न आधीच मिटवावा. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळण्याजोग्या संमतीची तरतूद आहे. म्हणून नोंदी कोण पाहणार आणि केव्हा पुसल्या जाणार, हे आईवडिलांना त्यांच्या बोलीत समजावून लेखी संमती घ्यावी. गावाच्या व्हॉट्सॲप गटावर मुलांचे फोटो टाकणे ही संचिका नव्हे. एकाच्या चित्रावर दुसऱ्याच्या आईची टिप्पणी आली की तुलना सुरू झालीच म्हणायची.

एप्रिलमध्ये, शक्यतो आखाजीआधी (अक्षय्य तृतीयेआधी), प्रत्येक मुलाच्या आठ-दहा नोंदी निवडून एक पीडीएफ करावी. ही निवड मुलाला शेजारी बसवून करावी. आपले कोणते चित्र नव्या गुरुजींना दाखवायचे, याबाबत पाच वर्षांच्या मुलाचे मत ठाम असते. शाळापूर्व तयारीच्या मेळाव्यात पहिलीच्या शिक्षकांसोबत दहा मिनिटे बसून ती उघडावी, कारण नुसती पाठवलेली फाइल बहुधा न उघडताच राहते. फोटो व्हॉट्सॲपने पाठवायचे असल्यास ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावेत, नाहीतर बारीक अक्षरे पुसट होतात.

नंदुरबारच्या डोंगराळ भागातून ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांसाठी एप्रिलची वाट पाहू नये. ती दिवाळीच्या सुमारास निघण्यापूर्वीच तोवरची संचिका आईच्या फोनवर द्यावी आणि निवडक दोन पाने छापून मुलाच्या जन्मदाखल्यासोबत ठेवायला सांगावीत, कारण मुक्कामी सिमकार्ड बदलते, फोन बिघडतो, पण दाखल्याची पिशवी सहसा सोबत असते.