शिडाच्या बोटीची सहल संपवताना: शेवटचा दिवस कसा आखावा

मित्रमंडळींनी मिळून आठवडाभर शिडाची बोट भाड्याने घेतली की ओरखडे, मोडतोड आणि रुसवेफुगवे हे बहुतेक शेवटच्या दिवसाच्या वाट्याला येतात. जमीन दिसली की सहल संपली असं सगळ्यांना वाटतं, आणि बोट हाताळण्याचं खरं अवघड काम तर तिथूनच सुरू होतं. उघड्या समुद्रात दहा मीटर इकडेतिकडे झालं तरी काही बिघडत नाही. मरीनात, म्हणजे बोटी बांधून ठेवायच्या बंदरात, अर्धा मीटर चुकलं की शेजारच्या बोटीचा कठडा वाकतो. शिवाय गाव पर्यटकांचं असेल तर पोहणारे, जेट-स्की आणि परतणाऱ्या इतर बोटी यांची गर्दी एकाच वेळी असते. म्हणून शेवटचा दिवस आधी आखायचा आणि तोही उलट्या क्रमाने, बोट परत देण्याच्या वेळेपासून मागे मोजत.

आधी करार नीट वाचा. बऱ्याच करारांत दोन वेळा असतात: बोट मरीनात हजर करायची वेळ, बहुधा आदल्या दिवसाची संध्याकाळ, आणि बोट रिकामी करायची वेळ, बहुधा दुसऱ्या दिवशीची सकाळ. गटातल्या लोकांच्या डोक्यात फक्त दुसरी वेळ असते. समजा बोट संध्याकाळी ६ ला हजर करायची आहे. बांधाबांध आणि आवराआवरीला पाऊण तास धरा. डिझेलच्या धक्क्यावर सगळ्या भाड्याच्या बोटी एकाच दुपारी येतात, त्यामुळे तिथे तास-दीड तास सहज जातो. म्हणजे साडेतीनच्या सुमारास बंदराच्या तोंडाशी पोहोचायला हवं. ५ नॉटच्या (तासाला ५ सागरी मैल) वेगाने १० सागरी मैलांना दोन तास लागतात, पण वारा समोरून असेल तर नागमोडी जावं लागतं आणि तेच अंतर दीडपट होतं. त्यामुळे शेवटची रात्र मरीनापासून १० मैलांच्या आत नांगर टाकून काढा. लांबचं सुंदर बेट आधीच्या दिवसांत बघून घ्यावं. शेवटच्या रात्री तिथे राहायचा मोह टाळाच.

वेळेची निवड वाऱ्यावरही अवलंबून असते. स्वच्छ उन्हाळी हवेत जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, म्हणून साधारण दुपारच्या आधी समुद्रावरून जमिनीकडे वारा सुरू होतो, दुपारी तो सर्वांत जोरात असतो आणि सूर्यास्ताच्या सुमारास पडतो. दुपारी ३ ते ५ ही गर्दीची वेळ नेमकी जोरदार वाऱ्याची असते. जमत असेल तर सकाळीच जाऊन डिझेल भरा. तेव्हा पाणी शांत असतं आणि रांगही नसते. त्यानंतर दुपारपर्यंत जवळपास फक्त शिडांवर फिरा. मात्र सकाळची पावती चालेल का, हे बोट देणाऱ्याला आदल्या दिवशी विचारून ठेवा. काहींना अगदी शेवटी भरलेली टाकी हवी असते.

शेवटचा पोहण्याचा थांबा कामाचा करून घ्या. बोट परत घेताना अनेक ठिकाणी पाणबुड्या खाली उतरून तळ बघतो. त्याच्याआधी तुम्हीच मास्क लावून कीलचं (बोटीखालच्या वजनदार पात्याचं) तळटोक, सुकाण्याची खालची कड आणि बोट ढकलणारा पंखा बघा. पंख्याला मासेमारीचा दोर गुंडाळला असेल तर तो इथेच, इंजिन बंद आणि किल्ली काढलेली असताना सोडवा. गर्दीच्या मरीनात हे कळलं तर फार उशीर होतो.

बंदरात शिरण्याआधीचा एक मैल

या मैलभरात तयारी पूर्ण झाली की पुढचं सोपं होतं. इंजिन सुरू करून १५-२० मिनिटं चालू द्या आणि एग्झॉस्टमधून थंड करणारं पाणी बाहेर पडतंय ना ते बघा. गिअर एकदा पुढे, एकदा मागे टाकून खात्री करा. मागचा गिअर लागत नाही हे धक्क्यापासून तीन मीटरवर कळणं फार महागात पडतं. मागे जाताना बोटीचं मागचं टोक कुठे ओढलं जातं तेही बघून घ्या. उजव्या हाताने फिरणारा पंखा मागच्या गिअरमध्ये ते डावीकडे ओढतो. त्यामुळे शक्य तर डावी बाजू धक्क्याला लागेल अशी जागा मागा.

पुढचं शीड गुंडाळताना शीट (शीड ओढून धरायचा दोर) थोडी ताणलेली ठेवा आणि शेवटी शिटांचे तीन वेढे शिडावर येऊ द्या, म्हणजे रात्री वारा वाढला तरी ते उलगडत नाही. मोठं शीड वाऱ्याकडे तोंड करून उतरवा, पण त्याच्या पिशवीची झिप लावू नका आणि हॅलयार्डही (शीड वर चढवायचा दोर) काढू नका. नांगरही सोडायला तयार ठेवा. बंदराच्या तोंडात इंजिन बंद पडलं तर हाताशी शीड आणि नांगर एवढेच दोन उपाय उरतात. इंजिन गिअरमध्ये आलं की शीड वर असलं तरी समुद्री नियमांनुसार तुमची बोट इंजिनावर चालणारी ठरते. समोरून शिडावर आलेल्या बोटीला वाट तुम्हीच द्यायची.

पोहण्याची जागा पिवळ्या बोयांनी (तरंगत्या खुणांनी) आखलेली असते, तिच्या आत जाऊ नका. पॅरासेलिंगची बोट मागे लांब दोर ओढत असते, तिच्या मागून जायचं तर भरपूर अंतर ठेवा. प्रवेशमार्गाचे लाल-हिरवे बोये जगात सगळीकडे सारखे नसतात. बहुतेक भागांत समुद्रातून आत येताना लाल डावीकडे ठेवायचा, पण अमेरिका खंड, जपान, कोरिया आणि फिलिपिन्समध्ये तो उजवीकडे येतो. मरीनाशी रेडिओवर कोणत्या चॅनेलवर बोलायचं ते नकाशाच्या पुस्तकात असतं. बोटीची लांबी, रुंदी, पाण्यातली खोली आणि बोटीचं नाव एका कागदावर लिहून रेडिओजवळ चिकटवा.

धक्क्याला लावताना

फेंडर (बोट घासू नये म्हणून लावायच्या फुगीर उशा) दोन्ही बाजूंना लावा, प्रत्येक बाजूला किमान तीन, आणि एक मोठा मागे. ते शेजारच्या बोटीच्या उंचीला यायला हवेत. पाण्याला टेकलेला फेंडर निरुपयोगी असतो. दोर क्लीटपासून (डेकवरच्या दोर बांधायच्या खुंटीपासून) निघून कठड्याच्या बाहेरून फिरवलेले असावेत. कठड्याच्या आतून नेलेला दोर ताण आला की कठडाच वाकवतो. हे काम बाहेर, निवांत पाण्यात करा.

मग प्रत्येकाचं काम ठरवा आणि त्याच्याकडून ते परत म्हणून घ्या. चार जण असतील तर एक सुकाण्यावर, दोघे मागच्या दोरांवर आणि एक हुकाची काठी घेऊन. त्याहून जास्त जण असतील तर उरलेले खाली बसतील, उभे राहून सल्ला देणार नाहीत. सुकाण्यावरच्या माणसाला इंजिनाच्या आवाजात पुढचं ऐकू येत नाही, म्हणून अंतर बोटांनी दाखवा: तीन बोटं म्हणजे तीन मीटर. कुणीही हातपाय मध्ये घालून बोट थोपवायची नाही. बारा मीटरच्या बोटीचं वजन आठ-दहा टन असतं आणि ती सावकाश येत असली तरी हाड मोडू शकते. धक्क्यावर उडी मारायची नाही, सहज पाऊल पडेल इतकं जवळ आल्यावरच उतरायचं.

मागच्या बाजूने लावायचं असेल तर बोटींच्या दोन रांगांमधल्या गल्लीत शिरण्यापूर्वीच बोट उलटी वळवा आणि मागे जात आत या. मागे जाताना सुकाणूला पकड यायला थोडा वेग लागतो, पण ३ नॉटच्या वर जाऊ नका. पहिला दोर वाऱ्याकडच्या बाजूचा. तो पक्का झाला की वारा बोटीला फिरवू शकत नाही आणि दुसरा दोर निवांत लावता येतो. यानंतर मरीनाची माणसं तळाला बांधलेला मूरिंगचा दोर देतात. तो काठीने उचलून बोटीच्या कडेने पुढे न्यायचा आणि पुढच्या क्लीटला ताणून बांधायचा. हातमोजे घाला, त्या दोरावर धारदार शिंपले असतात. हा दोर पाण्यात असेपर्यंत गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा, नाहीतर तो पंख्यात जातो. पुढचा दोर ताणून झाल्यावर मागचे सैल-घट्ट करा, धक्क्यापासून साधारण एक मीटर अंतर राहील असं. भरती-ओहोटीचा फरक मोठा असेल आणि धक्का तरंगता नसेल, तर बाजूने बांधलेल्या बोटीचे दोर त्या फरकाच्या तिप्पट तरी लांब हवेत.

पहिला प्रयत्न बिघडतोय असं वाटलं की बाहेर पडा आणि पुन्हा या. ओढून-ताणून आत घुसवलेल्या बोटींनीच शेजारच्यांचं नुकसान होतं.

डिझेल, पाणी, वीज

डिझेल आणि पाणी यांची झाकणं डेकवर शेजारीशेजारी असतात. पाण्याच्या टाकीत डिझेल गेलं की टाकी आणि नळ्या धुऊन काढायला दिवस जातो. नळी घालण्याआधी झाकणावरचं नाव दोघांनी वाचा. इंजिन, गॅस आणि शेगडी बंद. शेवटचे काही लिटर सावकाश भरा, कारण फेस येऊन हवेच्या नळीतून डिझेल समुद्रात सांडतं. त्या नळीखाली कापड धरायला एक जण ठेवा. पुढे जाऊन प्रश्न विचारला गेला तर उपयोगी पडावं म्हणून इंजिनाचे तास आणि भरलेले लिटर लिहून ठेवा.

किनाऱ्यावरची वीज जोडताना आधी धक्क्यावरच्या विजेच्या खांबावरचा स्विच बंद करा, वायरीचं बोटीकडचं टोक लावा, मग खांबाकडचं. काढताना उलट क्रम. असं केलं की जिवंत वीज असलेलं उघडं टोक कधीच हातात किंवा पाण्यात येत नाही. १६ अँपिअरच्या जोडणीवर २३० व्होल्टला सुमारे ३६८० वॅट मिळतात. एसी, पाणी गरम करणारी टाकी आणि किटली एकदम लावली की फ्यूज जातो. गॅसचा वॉल्व्ह सिलिंडरवरच बंद करा, कारण हा वायू हवेपेक्षा जड असतो आणि बोटीच्या तळाशी साचतो.

मलटाकी मरीनाच्या पंपावर रिकामी करून घ्या. बंदरात ती समुद्रात सोडणं बहुतेक ठिकाणी बेकायदा आहे आणि दंडही जबर असतो. डिंगीचं (सोबतच्या छोट्या होडीचं) इंजिन गोड्या पाण्याने धुवा. लाइफ जॅकेट पूर्ण वाळवूनच ठेवा. आपोआप फुगणारं जॅकेट ओलं ठेवलं की कपाटातच फुगू शकतं. फ्रिज रिकामा करून दार किलकिलं ठेवा.

हिशेब आणि तपासणी

कॉन्ट्रीचे पैसे आणि बोटीची अनामत रक्कम हे दोन हिशेब वेगळे ठेवा, मिसळले की भांडण ठरलेलं. अनामतीतून काही कापलं गेलं तर ते सगळ्यांत समान वाटायचं, सुकाण्यावर कुणीही असलं तरी, हे सहलीच्या पहिल्याच दिवशी ठरवायला हवं. नाहीतर शेवटी कुणीच सुकाणू हातात घेत नाही. उशिरा आलेल्या किंवा लवकर निघालेल्या मित्राचा हिस्सा दिवसांवर काढा. डिझेल मात्र सगळ्यांत समान धरा, कारण बोट सगळ्यांनाच परत आणते.

काही मोडलं असेल तर तपासणीला येणाऱ्याने शोधायच्या आधी तुम्हीच सांगा. हरवलेला विंचचा (दोर ताणायच्या रहाटाचा) हँडल, फाटलेलं शीड, डिंगीचं हरवलेलं वल्हं: या गोष्टी यादीत आहेतच, लपत नाहीत. सामान यादीनुसार आदल्या रात्रीच मोजून घ्या. तळ, डेक, इंजिनाचे तास आणि बोट परत दिल्याच्या कागदावरची सही यांचे फोटो एका फोनवर ठेवा. कार्डावर अडवलेली रक्कम सुटायला काही वेळा आठवड्याहून जास्त लागतो, तोवर ते फोटो काढून टाकू नका.