खिळा की शिवराई? तुटक आवाजाचा उलगडा

कसबा पेठेतल्या आमच्या वाड्याच्या अंगणात मेटल डिटेक्टर (जमिनीतला धातू शोधणारं यंत्र) फिरवला की दर पावलाला तुटक, किरकिरा आवाज यायचा. सहा खड्डे खणले, सहाही वेळा गंजका खिळा. काका म्हणाले, "अरे, आता पुरे कर!"

मग यंत्राची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे संवेदनक्षमता, उतरवली. आपल्याकडच्या काळ्या दगडाच्या मातीत लोहखनिज असतं, त्यामुळे ग्राउंड बॅलन्सही (मातीतल्या खनिजांचा आवाज वगळायची जुळवणी) नव्याने केला. खरा फरक मात्र काटकोनाने पडला. संशयाच्या जागी एकदा पूर्व-पश्चिम, मग नव्वद अंशांत वळून दक्षिण-उत्तर, कॉइल (यंत्राची खालची चकती) जमिनीलगत आणि अगदी सावकाश फिरवायची. खिळ्याचा आवाज वळल्यावर बहुधा फाटतो किंवा जागा सोडतो. आडवं पडलेलं नाणं दोन्हीकडून त्याच ठिकाणी बोलतं. लोखंडी कडी, वायसर मात्र अजूनही फसवतात.

तुळशीवृंदावनापाशी आवाज बारीक होता, पण जागचा हलेना. वीतभर खाली हिरवट ढेकूळ निघालं. ते घासलं नाही, फक्त पाण्यात भिजवलं. हळूहळू अक्षरं उमटली: 'श्री राजा शिव'. शिवराई, शिवाजी महाराजांनी सुरू केलेलं तांब्याचं नाणं! काका कितीतरी वेळ ते तळहातावर धरून बसले होते.

आणि हो, १८७८च्या कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेला दहा रुपयांवरचा ऐवज जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. आम्ही लगेच अर्ज दिला.