नेट नसलेल्या लॅबमध्ये जीसीसी बसवताना

नाशिकमधल्या कॉलेजच्या लॅबमध्ये ३० मशिनवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकायचं आणि नेटचा भरवसा नाही? मग नेटइन्स्ट (बाकीचं नेटवरून ओढणारा छोटा इन्स्टॉलर) नको, पहिल्या डीव्हीडीची आयएसओ (डिस्कची फाइल) घ्या. जीसीसी (सी भाषेचा कंपायलर), जी-प्लस-प्लस (सी-प्लस-प्लसचा), मेक (प्रोग्राम बांधायचं साधन) हे सगळं ओढून आणणारं बिल्ड-इसेन्शियल हे पॅकेज तिच्यातच असतं. डिस्क घालून रूट (ॲडमिन) खात्याने आधी 'एपीटी-सीडीरॉम ॲड', मग 'एपीटी इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल' चालवा.

अडतं ते हमखास एका जागी. बिल्ड-इसेन्शियलसोबत येणाऱ्या लिबसी६-डेव्हला (कंपाइल करताना लागणाऱ्या फाइल्सचं पॅकेज) तंतोतंत त्याच आवृत्तीचं लिबसी६ (जवळपास सगळे प्रोग्राम वापरतात ती सी लायब्ररी) लागतं. एखादं मशिन मध्येच नेटवरून अपडेट झालं असेल, तर डीव्हीडीवरचं जुनं डेव्ह पॅकेज बसत नाही. लिबसी६ जबरदस्तीने मागे नेऊ नका, अख्खी सिस्टिम त्याच्यावर उभी असते! तेवढ्या मशिनला मोबाइलचा हॉटस्पॉट द्या, 'एपीटी अपडेट' करा आणि पुन्हा इन्स्टॉल करा.