तंबोऱ्याची खुंटी: सरकते तेव्हा, अडकते तेव्हा

भिंतीतली खुंटी कपडे टांगायला, सुताराची खुंटी सांध्यात ठोकायला. दोन्ही एकदा बसल्या की हलू नयेत. तंबोऱ्याची तार ताणणाऱ्या खुंटीला मात्र फिरायचंही असतं आणि हात काढला की जागच्या जागी थांबायचंही असतं. म्हणून ती निमुळती असते आणि फक्त घर्षणावर टिकते. ठोकायची नाही, सरसाने किंवा फेविकॉलने चिकटवायची तर मुळीच नाही.

कोरड्या हवेत लाकूड आकसतं आणि खुंटी सरकते. पावसाळ्यात फुगतं आणि ती अडकते. शिवाय लाकूड सगळीकडून सारखं आकसत नाही, त्यामुळे दांडीतलं, म्हणजे वाद्याच्या लांब मानेतलं, खुंटीचं गोल भोक हळूहळू लंबगोल होतं.

एका वेळी एकच तार उतरवा. चारही उतरवल्या तर तबली (भोपळ्यावरची लाकडी झाकणी) आणि घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती) यांवरचा ताण एकदम बदलतो आणि वाद्य स्थिरावायला वेळ लागतो. तार ढिली करून जवारीचा दोरा (घोडीवर तारेखाली असतो तो) बाजूला घ्या, खुंटी पिळत पिळत बाहेर काढा आणि उजेडात धरा. जिथे ती दांडीला टेकते तिथे चकाकी दिसते. चकाकीचा पट्टा पूर्ण गोल असेल तर काम सोपं: तेवढ्याच भागावर कोरडा पांढरा खडू घासा, खुंटी भोकात घालून तीन-चार वेळा पुढेमागे फिरवा, जादा भुकटी पुसा. पट्टा तुटक असेल तर खडूने दोन दिवस भागेल, मग पुन्हा सरकेल. भोक साफ करून नवी खुंटी बसवणं हे कारागिराचं काम. मिरजेत ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. घरी पॉलिश पेपर मारू नका, निमुळतेपणा बिघडतो.

अडकलेल्या खुंटीवर पक्कड लावू नका. तेलही नको, ते लाकडात मुरतं आणि पकड कायमची जाते. सुक्या साबणाचा पुसटसा हात द्या, वरून थोडा खडू.

बऱ्याचदा दोष खुंटीचा नसतोच, तार गुंडाळण्याचा असतो. तीन-चार वळसे पुरेत, एकावर एक चढू न देता. प्रत्येक पुढचा वळसा दांडीच्या जवळ येऊ द्या, म्हणजे तारेचा ओढा खुंटीला आत दाबतो. सूर लावताना आधी थोडा उतरवा, मग खुंटी आत रेटत वर चढवा. दुसऱ्या हाताने दांडीला पलीकडून आधार द्या. त्याआधी घोडीच्या खालच्या बाजूला तारेत ओवलेला मणी मधोमध ठेवा: खाली सरकवला की सूर चढतो, वर नेला की उतरतो. शेवटचा बारीक फरक त्यानेच काढायचा, खुंटीने नाही. मग जवारीचा दोरा पुन्हा लावा.